एका माइकभोवती पाच जण

मागच्या अंकात ब्लूग्रास बँडच्या दौऱ्यांवर मी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लूग्रास म्हणजे गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल आणि डबल बास या पाच तंतुवाद्यांवर उभं राहिलेलं अमेरिकी संगीत. केंटकीच्या बिल मन्रोने 1940च्या दशकात ते घडवलं आणि त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडवरूनच त्याला नाव पडलं. मी नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला राहते. साताऱ्यात शिकलेलं व्हायोलिन इथे फिडल म्हणून वाजवते आणि जवळपास कुठे बँड आला की शक्यतो कार्यक्रम चुकवत नाही.

ताई, आमचा मुलगा शार्लटला असतो. एप्रिलअखेर आम्ही दोघं त्याच्याकडे असू. त्याने हौसेने ‘मर्लफेस्ट’ची तिकिटं काढली आहेत. आम्ही पासष्टीच्या पुढचे, आयुष्य भावगीतं आणि नाट्यसंगीत ऐकण्यात गेलं. चार दिवस तिथे बसून आम्हाला काय कळणार? – एक वाचक, पुणे

जा, आणि मुलाच्या समाधानासाठी नव्हे, स्वतःसाठी जा. नाट्यसंगीत ऐकलेल्या कानाला तिथे पुष्कळ मिळेल.

विल्क्सबरो शार्लटहून गाडीने दीडेक तासावर आहे. गावातल्या कम्युनिटी कॉलेजच्या आवारात 1988पासून हा उत्सव भरतो. त्यामागची गोष्ट माहीत असली की तिथलं वातावरण लवकर उमगतं. जवळच्याच डीप गॅपचे डॉक वॉटसन तान्हेपणीच दृष्टी गमावलेले गिटारवादक. 1950च्या दशकात ते एका नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत. त्या बँडमध्ये फिडलवाला नव्हता आणि लोकांना तर फिडलच्या चालींवर नाचायचं असे. मग डॉकनी त्या सगळ्या चाली गिटारवर बसवल्या. तोवर या संगीतात गिटारचं काम मागे ठेका धरण्याचं. डॉकमुळे ती पुढे येऊन बोलायला लागली. आज बिली स्ट्रिंग्ज किंवा मॉली टटल ज्या वेगाने गिटार वाजवतात, त्याची वाट या माणसाने पाडून ठेवलेली आहे. त्यांचा मुलगा मर्ल त्यांच्याबरोबर गिटार वाजवत देशभर फिरायचा. 1985 साली ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला, वय अवघं छत्तीस. त्याच्या आठवणीसाठी हा उत्सव सुरू झाला आणि 2012 साली जाईपर्यंत डॉक तिथे वाजवत राहिले. इथे काय काय चालेल असं विचारलं की ते म्हणत, परंपरा आणि वर जे काही चांगलं असेल ते.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. चारही दिवस मोठ्या रंगमंचासमोर खुर्ची टाकून बसू नका. मोठं नाव रात्री तिथे येतंच, ते ऐका, पण दिवसा लहान मंचांकडे फिरा. दुपारी ज्याची वीस फुटांवरून बोटं दिसतात तोच वादक रात्री हजारोंसमोर ठिपक्याएवढा दिसतो. बुटक्या पाठीच्या घडीच्या खुर्च्या न्या. डोंगरपायथ्याचा एप्रिल आहे, सकाळी स्वेटर लागेल, दुपारी टोपी, आणि पाऊस कधीही. रविवारी सकाळी भक्तिगीतांचे कार्यक्रम असतात ते चुकवू नका. तीन आवाज लागतात: मधला मूळ चाल गातो, त्याच्या वर ‘टेनर’, खाली ‘बॅरिटोन’. शब्द कळले नाहीत तरी तिन्ही आवाज एका श्वासात कसे थांबतात ते ऐका. गाण्यांचे विषय तुम्हाला अनोळखी नाहीत: सुटलेलं गाव, वाट पाहणारी आई, खाण, आगगाडी, मरण, देव.

आणि एक सवय लावून घ्या. एकल वादन सुरू झालं की सगळे वाजवणाऱ्याकडे बघतात. तुम्ही उरलेल्या चौघांकडे बघा. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

मी गिटार शिकवतो. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसूनही लय इतकी घट्ट कशी राहते? आणि जुन्या पद्धतीचे बँड एकाच माइकसमोर का उभे राहतात? साउंड सिस्टिम तर आता सगळ्यांनाच परवडते. – एक वाचक, ठाणे

ठेका तिथे आहेच, फक्त तो वाटून घेतलेला आहे. चार मात्रा धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर डबल बास. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा ‘चॉप’. उजव्या हाताने तारांवर फटका आणि त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल. स्वर उमटतो न उमटतो तोच दबतो आणि कानावर येतो फक्त एक कोरडा ‘चक्’. ड्रमवाला स्नेअरवर जे करतो तेच हे. गिटार खालच्या तारेवर एक ठोस स्वर आणि वरच्या तारांवर एक झटका असं चालते. या सगळ्यावरून बँजोची तीन बोटं न थांबता धावत असतात. बँजोच्या आठ स्वरांचं वजन बरेचदा तीन-तीन-दोन असं पडतं. म्हणून सरळ ठेक्यावर ते पुढे झुकल्यासारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याचा पाय हलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्याच अर्ल स्क्रग्जने डिसेंबर 1945मध्ये मन्रोच्या बँडमध्ये पाऊल टाकलं ते ही तीन बोटांची शैली घेऊन, आणि तेव्हापासून या संगीताचा चेहरा ठरला.

खरी परीक्षा मँडोलिनवाला स्वतः एकल वाजवायला पुढे येतो तेव्हा होते. त्याच्याबरोबर चॉपही गेला. मग तो कोण उचलतो? कधी बँजोवाला आपली धाव थांबवून वरच्या पट्टीत दाबलेल्या तारांचे तुटक झटके देतो. कधी फिडलवाली गजाची मुठीकडची बाजू तारांवर आपटून तोच ‘चक्’ काढते. कोणी कोणाला सांगत नाही. एक मात्रा रिकामी जात नाही. चांगला बँड आणि नुसता वेगवान बँड यांतला फरक मला इथे कळतो. वेगाने वाजवणारे पोरगेले वादक आज शेकड्यांनी आहेत. दुसऱ्याचं वादन चाललेलं असताना आपण किती कमी वाजवायचं हे ज्यांना समजतं ते थोडे, आणि दौऱ्यावर वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिले ते असेच बँड.

एका माइकचं कारणही यातच आहे. रेडिओच्या काळात एकच माइक असे, त्याभोवती सगळे उभे राहत. आज ते गरजेपोटी कोणी करत नाही. डेल मकौरी यांचा बँड बघा. जन्म 1939चा, 1963 साली ते स्वतः मन्रोबरोबर वाजवत होते. आता मुलगा रॉनी मँडोलिनवर, रॉब बँजोवर, सगळे सूट-टाय घालून, आणि मधोमध एक मोठा कंडेन्सर माइक. ज्याची पाळी तो आत येतो, बाकीचे अर्धं पाऊल मागे. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे आवाजाचा तोल त्यांची पावलं सांभाळतात, साउंडवाल्याला फारसं काही करायचं उरत नाही. असा माइक संवेदनशील असतो. मंचावर मॉनिटर स्पीकर ठेवले तर तो शिट्टी मारतो, म्हणून बहुधा ठेवत नाहीत आणि वादक एकमेकांना उघड्या कानाने ऐकतात. मी पुढच्या रांगेतून बघितलंय: फिडलवाला गज उभा धरून दोन गिटारांच्या मधून आत शिरतो, आपली चाल वाजवतो आणि पाठ न वळवता तसाच मागे सरकतो. त्याची जागा भरायला गायक तोवर एका बाजूने आत आलेला असतो. कोणाचा कोपर कोणाला लागत नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांना हे जरूर करून पाहायला सांगा. एक माइक, तीन गिटारी. आठवडाभरात त्यांचे कान बदलतील.

आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी असते. तोच बँजो का हा? – एक वाचक, कोल्हापूर

तो हा नव्हे. मिरवणुकीतलं वाद्य म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं बुलबुल तरंग, वर पिकअप लावून मोठं केलेलं. त्याचे पूर्वज जपानचे.

अमेरिकी बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. भोपळ्यावर कातडं ताणून, दांड्याला तारा बांधून केलेली वाद्यं तिथे होती. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ती कला मनात ठेवून इकडे आणली आणि इथल्या भोपळ्यांवर पुन्हा वाद्यं केली. एक आखूड पाचवी तार, जी अंगठ्याखाली सतत एकच उंच स्वर देत राहते, ती त्या परंपरेची खूण. पुढे गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळं फासून करमणुकीचे खेळ केले, त्यात बँजो नेला. शतकभरात लोक समजायला लागले की हे डोंगरातल्या गोऱ्या लोकांचंच वाद्य.

हा इतिहास मंचावर परत आणणाऱ्यांत ग्रीन्सबरोची रिअ‍ॅनन गिडन्स पुढे आहे. 2005 साली बून गावात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला, तिथे तिला साथीदार भेटले. माझ्या घरापासून जवळच असलेल्या मेबनमध्ये जो थॉम्प्सन नावाचे वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादक राहत. या मुलांनी त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्यासमोर बसून चाली उचलल्या, आणि ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा बँड झाला. त्यांना ग्रॅमी मिळाली. एप्रिल 2025मध्ये गिडन्सने डरहॅममध्ये ‘बिस्किट्स अँड बँजोज’ उत्सव भरवला तेव्हा हा बँड पुन्हा एकत्र वाजला. मर्लफेस्टही त्याच आठवड्याअखेर होतं, आणि मी डरहॅम सोडलं नाही.

बिली स्ट्रिंग्जचे व्हिडिओ पाहतो. पायाखाली पेडल, रंगीत दिवे, वीस-वीस मिनिटांचं एक गाणं. हे ब्लूग्रास आहे का? आणि ‘अमेरिकाना’ म्हणजे नक्की काय? – एक वाचक, नाशिक

आहे. मिशिगनचा हा मुलगा, जन्म 1992चा, घरात वडिलांच्या जागी असलेल्या माणसाच्या मांडीशी बसून जुनी गाणी शिकला. त्या बापलेकांनी 2022 साली जुन्या चालींचा एक आख्खा अल्बम केला. तो ऐका आणि मग त्याचा मोठ्या स्टेडियममधला कार्यक्रम बघा. पेडल लावून गिटार वितळल्यासारखी वाजवतो, हे खरं. पण मागे ड्रम नाही, पाचच जण आहेत, जॅरड वॉकरच्या मँडोलिनचा चॉप जागेवर आहे, आणि मधेच तो मन्रोच्या काळातलं गाणं काढतो तेव्हा त्यात एका स्वराची भेसळ नसते. हजारो विशी-पंचविशीतली मुलं ते उभ्याने ऐकतात. रोज गाण्यांची यादी वेगळी असते, म्हणून लोक त्याच्या मागे गावोगाव जातात.

हे ब्लूग्रास नव्हे, असं म्हणणारे इथेही खूप आहेत. त्यांना मी आठवण करून देते की मन्रोने स्वतः फिडलच्या चाली, चर्चची गाणी आणि ब्लूज एकत्र कालवले होते. त्यातले ब्लूज त्याने अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून लहानपणी ऐकले होते. स्क्रग्जचा बँजो 1945मध्ये नवाच होता. 1971 साली सॅम बुश वगैरे मंडळींनी ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ काढला तेव्हाही हेच बोलणं झालं.

मला वेगळीच काळजी वाटते. स्टेडियममध्ये प्रत्येकाच्या कानात इअरपीस असतो आणि प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. बिलीचा बँड तिथेही एकमेकांकडे बघत वाजवतो, कारण ते सगळे वर्तुळात वाजवून मोठे झालेत. पण या स्टेडियममधूनच जी पुढची पिढी शिकेल तिचं काय, हे मला सांगता येत नाही.

अमेरिकाना हे जास्त सैल प्रकरण आहे. कंट्री, फोक, ब्लूज, रॉक यांच्या मधल्या जागेत गाणी लिहिणारे लोक. 1999 साली नॅशव्हिलमध्ये त्यांची संघटना झाली, 2010पासून ग्रॅमीमध्ये वेगळं पारितोषिक आहे. ड्रम चालतात, इलेक्ट्रिक गिटार चालते, महत्त्व लिहिलेल्या गाण्याला. जेसन इस्बेलचा बँड ऐकायला गेलात तर शब्दांकडे लक्ष ठेवा. चॅपल हिलचे ‘वॉचहाउस’ दोघंच, मँडोलिन आणि गिटार, इतकं हळू गातात की सभागृहात खोकलाही मोठा वाटतो. दौऱ्यावर दोन्ही प्रकारचे बँड त्याच सभागृहांत, त्याच उत्सवांत भेटतात. कोलोरॅडोतलं टेल्युराइड 1974पासून ब्लूग्रासच्या नावाने भरतं आणि तिथे तुम्हाला हे सगळे ऐकायला मिळतात.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे-सतारी होतात. हे लोक इतकी जुनी वाद्यं घेऊन गावोगाव हिंडतात, लाकूड कसं सांभाळतात? आणि लाकूड कोणतं? – एक वाचक, मिरज

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मँडोलिन आणि फिडलची पाठ मेपलची, वरची पाटी स्प्रूसची. गिटारची पाटीही स्प्रूसची. पण पाठ आणि कडा बघा: ब्लूग्रासवाल्यांची लाडकी गिटार म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीची ‘डी-28’. आधी तिला ब्राझीलचं रोजवुड वापरत. ते मिळेनासं झालं तेव्हा 1969पासून भारतीय रोजवुड आलं, म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीत उगवतो, आजीचा पलंग असतो, तोच. केंटकीतल्या रंगमंचावर एखाद्या गिटारची पाठ दिव्यात जांभळट तपकिरी दिसली की मला आमच्या साताऱ्याच्या घरातलं कपाट ओळखीचं वाटतं. 2017 साली दुर्मिळ होत चाललेल्या झाडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रोजवुडच्या सगळ्या जाती आल्या आणि परदेश दौऱ्यांवर कागदपत्रांचा ताप झाला. 2019मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

हवेचं म्हणाल तर मार्टिनवाले 45 ते 55 टक्के आर्द्रता सांगतात. जानेवारीत कोलोरॅडोच्या हीटर लावलेल्या खोलीत ती वीसच्या खाली जाते आणि पाटीला चीर पडायला एक रात्र पुरते. म्हणून पेटीत ओलावा देणाऱ्या पुड्या ठेवतात आणि कोणीही गाडीत वाद्य सोडून जेवायला जात नाही. बँजोचं कातडं पूर्वी वासराचं असे, पावसात ढिलं पडायचं. 1950च्या दशकाअखेर प्लास्टिकचं आलं आणि तो त्रास सुटला. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहते. प्रवासात केसभर सरकली तरी वरचे स्वर बिघडतात, त्यामुळे कार्यक्रमाआधी बँजोवाला घोडी चिमटीत धरून, बाराव्या पडद्यावर कान लावून बसलेला दिसेल. तुम्ही जवारी काढताना जसे ओणवे होता, अगदी तसा.

विमानात पूर्वी भांडणं होत. 2012च्या कायद्याने आणि त्यावरच्या 2015च्या नियमाने फिडल, मँडोलिनसारखी वाद्यं केबिनमध्ये नेण्याचा हक्क दिला. डबल बासला अजून जागा नाही. लांबच्या गावी बरेच जण तिथलाच बास भाड्याने घेतात आणि रोज नव्या मानेवर बोटं बसवतात.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मन्रोचं मँडोलिन गिब्सन कंपनीचं, आत कंपनीचे वाद्यरचनाकार लॉइड लोअर यांची सही, तारीख 9 जुलै 1923. 1985 साली कोणीतरी त्याच्या घरात घुसून शेकोटीच्या सळईने ते फोडलं. गिब्सनच्या कारागिराने ठिकरी ठिकरी जुळवून ते परत उभं केलं आणि मन्रो त्यावर पुन्हा वाजवायला लागला. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. कधी आलात तर मी स्वतः घेऊन जाईन.

नाटकाच्या दौऱ्यांचा हिशेब आयुष्यभर ठेवला. या बँडचं पोट कशावर चालतं? – एक वाचक, डोंबिवली

तुम्हाला वेगळं समजावायला नको. सभागृह एकतर ठरलेली रक्कम देतं किंवा तिकिटांतला वाटा, कधी दोन्हींतलं जे जास्त असेल ते. त्यातून एजंट, मॅनेजर, साउंडवाला, डिझेल, पाच जणांच्या खोल्या. लहान बँड एका व्हॅनमध्ये फिरतो, मागे वाद्यांचा ट्रेलर, चालवायला आळीपाळीने स्वतःच. कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला 600 मैल, तेही कार्यक्रम आणि सामान भरणं आटोपल्यावर. ऑनलाइन ऐकण्यातून मिळणारे पैसे नगण्य. म्हणून दाराशी मांडलेलं टेबल महत्त्वाचं: टी-शर्ट, रेकॉर्ड, सीडी. त्यावरही काही सभागृहं वाटा कापून घेतात. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. माल त्यांचा, वाहतूक त्यांची, विकायला उभे तेच.

म्हणून तुम्ही कार्यक्रमाला गेलात तर काहीतरी घ्या. घाम पुसत उभी असलेली बँजोवाली तुमच्याशी दोन शब्द बोलतेच.

न्यू जर्सीत राहतो. मँडोलिन थोडंफार येतं. डोंगरातल्या एखाद्या उत्सवाला जावंसं वाटतं, पण ‘तिथे आपल्यासारखं कोणी नसेल’ असं घरात म्हणतात. – एक वाचक, एडिसन

घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे, तिथे आपल्यासारखे फार थोडे असतात. एका उत्सवाच्या पार्किंगमध्ये कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा, लावलेली गाडी दिसली तेव्हा आम्ही तंबू दुसऱ्या टोकाला नेला, हेही सांगायला हवं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोकाच्या वर्तुळात मला जागा करून देणारे आजोबाही तिथलेच होते. बदल सुरू आहे. ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फाउंडेशनने 2020मध्ये त्याच अर्नल्ड शुल्ट्झच्या नावाने निधी काढला आहे, गोऱ्यांपलीकडच्या लोकांना या संगीतात जागा मिळावी म्हणून. पण बदल होईल तेव्हा जाऊ असं म्हणत बसू नका, जा.

आणि मँडोलिन घेऊन जा. 1965 साली व्हर्जिनियात फिनकासलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास उत्सव झाला, तेव्हापासून मंचाइतकंच महत्त्व तंबूंमधल्या वर्तुळांना आहे. व्हर्जिनियातच गॅलॅक्सला ऑगस्टमध्ये फिडलवाल्यांचं संमेलन भरतं, 1935पासून. तिथे तर मंचाकडे पाठ करून रात्रभर वाजवणारे भेटतील.

वर्तुळाचे काही नियम आहेत, पाळा म्हणजे झालं. दूर उभं राहून आधी एक-दोन गाणी ऐका. ट्यूनर लावून आलेले असा. गाणं ज्याने काढलं त्याची पट्टी, त्याचा वेग. कॉर्ड कळले नाहीत तर गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघा, कोणी बोटांनी एक, चार, पाच असे आकडेही दाखवतं. तुमच्याकडे बघून मान हलवली की पाळी तुमची. नको असेल तर नुसती मान नकारार्थी हलवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. गाणाऱ्याने एक पाय उचलला की हा शेवट. आणि दुसरं मँडोलिन वर्तुळात आधीच असेल तर चॉप त्याच्यावर सोडा, तुम्ही हळू वाजवा. दोन चॉप एकमेकांवर आदळले की सगळं गढूळ होतं.

उस्ताद झाकीर हुसेन यांनी बँजोबरोबर वाजवलं होतं ना? आम्हाला अमेरिकेला येणं शक्य नाही. घरी बसून कुठून सुरुवात करू? – एक वाचक, लातूर

हो. बँजोवादक बेला फ्लेक, बासवादक एडगर मायर आणि झाकीरभाई 2006पासून एकत्र काम करत होते, नॅशव्हिलच्या नव्या सिंफनी सभागृहाच्या उद्घाटनासाठी तिघांनी मिळून एक रचना केली तेव्हापासून. नंतर मुंबईचे बासरीवादक राकेश चौरसिया आले. चौघांच्या 2023च्या अल्बमला फेब्रुवारी 2024मध्ये दोन ग्रॅमी मिळाल्या, आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्या चौघांचं वादन जरूर ऐका. पण त्याला ब्लूग्रास समजू नका. फ्लेक तिथे आपल्या लयकारीत शिरण्यासाठी स्वतःची शैली बरीच बाजूला ठेवतात. तबल्याच्या मागे बँजो अगदी बारीक, एकेरी स्वरांत चाललेला असतो, तेवढा भाग दोनदा ऐका.

ब्लूग्राससाठी आधी डेल मकौरी बँडचा एका माइकसमोरचा कुठलाही व्हिडिओ लावा. मग मॉली टटल आणि ‘गोल्डन हायवे’: 2017 साली ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं गिटारवादकाचं पारितोषिक पहिल्यांदा एका बाईला मिळालं ती ही, तिचा उजवा हात बघत राहावा असा. मग ‘पंच ब्रदर्स’, क्रिस थिलीच्या मँडोलिनसाठी. शेवटी बिली स्ट्रिंग्ज, आणि तेही मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकू येत नाही. साधा इअरफोन चालेल. पहिल्यांदा ऐकताना फक्त डबल बास धरा, बाकी सोडून द्या. दुसऱ्यांदा फक्त चॉप. तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला ते सापडलं की मला कळवा, पुढच्या अंकात तुमचं पत्र छापू.